चाळिशीनंतरची धडधड : दुर्लक्ष नको, निदान हवे



आपल्याकडे स्त्रीच्या आरोग्याची चर्चा बाळंतपणापासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण मुले मोठी झाली, सून घरात आली, पाळी थांबत आली, त्यानंतरच्या स्त्रीच्या शरीराकडे कोण पाहते? त्या वयातील बाई "छातीत धडधडतंय" म्हणाली तर तिला तीन उत्तरे ठरलेली असतात. डॉक्टर म्हणतात, वय आहे. घरचे म्हणतात, मनाला लावून घेते. शेजारीण म्हणते, बाहेरचे काहीतरी आहे.

मी वैद्य नाही. पण ही तिन्ही उत्तरे मी माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत ऐकली आणि त्यांपैकी एक मी स्वतःच दिले. त्या चुकीची थोडीफार भरपाई म्हणून हा विषय वाचून, डॉक्टरांना विचारून, समजून घेतला. वर्षावासात महिला मंडळापुढे तो मांडला तेव्हा अनेक भगिनींनी आग्रह केला, म्हणून स्मरणिकेसाठी लिहून काढला आहे.

भगवान बुद्धांनी दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध आणि निरोधाचा मार्ग असा क्रम सांगितला. रोग ओळखणे, कारण शोधणे, तो बरा होऊ शकतो हे जाणणे आणि उपचार करणे, हा वैद्याचाही क्रम आहे. त्याच क्रमाने आपण हा विषय पाहू.

१. दुःख : त्रास नेमका काय असतो?

निरोगी माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० ठोके देते. दिवसाला सुमारे एक लाख. हृदयाला वर दोन आणि खाली दोन असे चार कप्पे असतात. वरच्या उजव्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तोच या घराचा मुख्य ताल धरणारा. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या संशोधकांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. तिथून निघालेला विजेचा सूक्ष्म प्रवाह आधी वरचे कप्पे आकुंचित करतो, मधल्या गाठीपाशी क्षणभर थबकतो आणि मग खालच्या कप्प्यांत उतरतो. हा क्रम बिघडला की ताल बिघडतो.

एरवी आपले हृदय चालू आहे याची आपल्याला जाणीवही नसते. ती होऊ लागली म्हणजे धडधड. पण सगळ्या धडधडी सारख्या नसतात. स्थूलमानाने चार प्रकार लक्षात ठेवावेत.

(अ) चुकलेला ठोका. मध्येच एखादा ठोका लवकर पडतो, मग क्षणभर थांबल्यासारखे होते आणि पुढचा ठोका जोरात बसतो. "काळीज घशाशी आले" असे बायका सांगतात ते हेच. हे जादा ठोके निरोगी माणसांतही पडतात आणि बहुतेकदा निरुपद्रवी असतात.

(आ) हळूहळू वाढणारी आणि हळूहळू उतरणारी धडधड. अंगातून गरम वाफ निघाल्यासारखी वाटते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो आणि सोबत नाडी वाढते. पाळी जाण्याच्या काळात हे फार आढळते. रक्त कमी असणे, ताप, भीती यांतही नाडी अशीच चढते.

(इ) बटण दाबल्यासारखी एकाएकी सुरू होणारी आणि तशीच एकाएकी थांबणारी धडधड. यात नाडी मिनिटाला १५० ते २०० पर्यंत जाऊ शकते. मधल्या गाठीपाशी प्रवाहाला दोन वाटा असल्या तर तो पुढे न जाता गोल गोल फिरत राहतो. ही दोन वाटांची रचना जन्मापासून असते, पण त्रास पुष्कळदा मध्यमवयात सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा प्रकार सुमारे दुप्पट आढळतो.

(ई) ज्यात कसलाच ताल नाही अशी नाडी. वरचे कप्पे नीट आकुंचित न होता नुसते थरथरतात. तिथे रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायूचा झटका येतो. असा झटका येण्याची शक्यता या विकारात सुमारे पाचपट होते. वय वाढते तसे याचे प्रमाण वाढते.

२. समुदय : कारणे कोणती?

पाळी बारा महिने सलग आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. पाश्चात्त्य देशांत ती सरासरी ५१ व्या वर्षाच्या आसपास होते, तर आपल्या देशात ४६-४७ च्या सुमारास. त्याआधीची काही वर्षे पाळी अनियमित होते. या काळात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक एकसारखे कमी होत नाही. ते वरखाली होत होत कमी होते. इस्ट्रोजेनचा संबंध गर्भाशयापुरता नाही. रक्तवाहिन्या, शरीराचे तापमान सांभाळणारे मेंदूतील केंद्र, हृदयाचा वेग वाढवणाऱ्या व कमी करणाऱ्या नसा आणि हृदयाच्या पेशींतून होणारी क्षारांची ये-जा या सर्वांवर त्याचा परिणाम असतो. त्यामुळे या काळात धडधड वाढणे नवलाचे नाही.

पण इथेच आपली गफलत होते. रजोनिवृत्ती हा एक काळ आहे. त्या काळात जे जे घडेल त्या सर्वांचे कारण तीच, असे नव्हे. प्रतीत्यसमुत्पाद आपल्याला शिकवतो की कारणावाचून कार्य नाही आणि एका कार्याला अनेक कारणे असू शकतात. याच वयात स्त्रीच्या शरीरात आणखी काय काय चालू असते ते पाहा.

रक्तक्षय : २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. पाळी जाण्याआधी अनेकींना अतिरक्तस्राव होतो, त्यात ते आणखी कमी होते. रक्त पातळ तर हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात.

थायरॉइड : गळ्यातील या ग्रंथीचे विकार स्त्रियांत अधिक असतात. ग्रंथी जास्त काम करू लागली की नाडी वाढते, वजन उतरते, हात थरथरतात, घाम येतो. ही लक्षणे पाळी जाण्याच्या लक्षणांशी इतकी जुळतात की तपासल्याशिवाय फरक कळत नाही.

लहानपणचा सांधेज्वर : दाटीच्या, ओलसर वस्त्यांत घसा धरून ताप येणे आणि मग सांधे सुजणे हे पूर्वी सर्रास होते. त्यातून हृदयाची झडप आकसते. ही आकसलेली झडप पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते आणि तिच्यातून वर सांगितलेला बेताल ठोका सुरू होऊ शकतो. लहानपणी दीर्घकाळ इंजेक्शने घ्यावी लागली होती का, हे आईला, मावशीला विचारून डॉक्टरांना सांगावे.

तंबाखू आणि मिश्री : दात घासायची मिश्री हीसुद्धा तंबाखूच. ती हिरडीवर दाबून धरली की निकोटिन रक्तात जाते आणि नाडी चढते. "मला कसलेही व्यसन नाही" असे सांगणाऱ्या किती भगिनी दिवसातून तीन-चार वेळा मिश्री लावतात, याचा हिशेब आपल्याच घरात करावा.

औषधे : प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला जो वेळ लागतो, तो स्त्रियांत मुळातच पुरुषांपेक्षा थोडा जास्त असतो. काही औषधे तो आणखी लांबवतात. पित्ताच्या गोळीत पुष्कळदा मिसळलेले डॉम्पेरिडोन, ॲझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन ही नेहमीच्या वापरातली नावे आहेत. बहुसंख्य लोकांना त्यांपासून अपाय होत नाही. परंतु औषधामुळे ताल गंभीरपणे बिघडल्याच्या नोंदींत सुमारे दोनतृतीयांश स्त्रिया आढळल्या आहेत. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पोटॅशियम कमी झाले असेल तर धोका वाढतो. म्हणून मेडिकलच्या दुकानातून मनाने गोळ्या घेऊ नयेत आणि चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवावी. चालू औषध मनाने बंदही करू नये.

उपोसथ आणि मधुमेह : ही गोष्ट आपल्या उपासिकांसाठी मुद्दाम लिहिते. वर्षावासात अष्टशील घेऊन दुपारनंतर जेवत नाही, पण मधुमेहाची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतो, असे झाले तर रक्तातील साखर उतरू शकते. तेव्हा घाम, थरथर, धडधड होते आणि बाई समजते की पाळी जाण्याचाच त्रास आहे. भगवंतांनी आजारी भिक्खूंसाठी औषधाच्या व आहाराच्या सवलती दिल्या होत्या. आजारी उपासिकेने डॉक्टरांच्या सल्ल्याने आहार घेतला तर शीलाला बाधा येत नाही.

पिशवीचे ऑपरेशन : हा मुद्दा आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली आणि पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे आढळले. पाळीमुळे तोडीचा दिवस बुडतो, मुकादमाची उचल फिटत नाही, म्हणून पिशवीच काढून टाकायची! या टोळ्यांत आपल्याही बहिणी आहेत.

गर्भाशय काढले पण अंडाशये ठेवली तर संप्रेरके काही काळ चालू राहतात. अंडाशयेही काढली तर जी रजोनिवृत्ती काही वर्षांत व्हायची ती एका दिवसात होते. त्याचे परिणाम हृदयावरही होतात. दक्षिण कोरियात सुमारे १४ लाख स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ४० वर्षांच्या आत पाळी थांबलेल्या स्त्रियांत हृदय दुबळे पडण्याचा धोका ३३ टक्क्यांनी आणि वरच्या कप्प्यांच्या थरथरीचा धोका ९ टक्क्यांनी अधिक आढळला. म्हणून "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" असा सल्ला कोणी दिला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. ऑपरेशन आधीच झाले असेल तर अंडाशये काढली की ठेवली, हे कागदपत्रांतून माहीत करून घ्यावे.

३. निरोध : हा त्रास थांबू शकतो

आता बहिणीची हकीकत सांगते. तिला सत्तेचाळिसाव्या वर्षी त्रास सुरू झाला. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी पंधरा दिवसांनी. मध्येच छातीत घोडे दौडल्यासारखे व्हायचे. डॉक्टरांकडे दोनदा कार्डिओग्राम काढला, दोन्ही वेळा तो चांगला निघाला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नका. झोपेची गोळी दिली. शेजारच्या बाईने लिंबू उतरवायला सांगितले. आमचे घर बावीस प्रतिज्ञा घेतलेले, त्यामुळे लिंबाला बहिणीने साफ नकार दिला. पण मी, शिकलेली, नोकरी करणारी, काय म्हणाले? "ताई, तू फार विचार करतेस. विपश्यनेला जाऊन ये."

ती काही बोलली नाही. मात्र त्यानंतर तिने मला त्रासाबद्दल सांगणेच बंद केले. एक दिवस तिच्याकडे गेले असताना भांडी घासता घासता ती मोरीतच बसली. मी मनगट धरले, पण नाडी मोजता येईना, इतकी ती वेगाने चालली होती. दहाबारा मिनिटांनी ती जशी सुरू झाली होती तशीच एका क्षणात थांबली. त्या दिवशी मला माझ्या उपदेशाची लाज वाटली.

मी तिला एक वही आखून दिली. आमच्या बँकेच्या खतावणीसारखेच रकाने : तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, नाडी, त्या वेळी काय करत होते, पाळीचा कितवा दिवस. चार महिन्यांत अकरा नोंदी झाल्या. नऊ ठिकाणी नाडीच्या रकान्यात तिने लिहिले होते, "मोजता आली नाही." ती वही पाहून दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले, "पुन्हा असे झाले की घरी थांबू नका, चालू धडधडीतच जवळच्या रुग्णालयात जाऊन पट्टी काढा." बाराव्या वेळी रात्री नऊ वाजता भाचा तिला मोटारसायकलवर न बसवता रिक्षात घालून घेऊन गेला. त्या पट्टीत नाडी १८४ होती. शिरेत एक इंजेक्शन दिल्यावर ताल जागेवर आला. पुढे मोठ्या रुग्णालयात मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन ती जादा वाट निकामी केली. रक्तही कमी निघाले, हिमोग्लोबिन साडेआठ होते. त्याच्या गोळ्या झाल्या. त्यानंतर तिला पुन्हा तसा झटका आलेला नाही.

या उपचाराला अब्लेशन म्हणतात. या विशिष्ट प्रकारात तो शंभरातील सुमारे ९५ जणांत यशस्वी होतो. तिला "मनाचा खेळ" नव्हताच. दोन कार्डिओग्राम चांगले निघाले, कारण ते काढताना धडधड चालू नव्हती.

४. मार्ग : काय करावे?

नाडी मोजायला शिका. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटे ठेवून अर्धा मिनिट मोजा व दुप्पट करा. ताल एकसारखा आहे की वेडावाकडा, हेही पाहा. शाळेतल्या मुलामुलींना हे पाच मिनिटांत येते. त्यांनी आई-आजीची नाडी मोजावी.

वही ठेवा. सुरुवात एकाएकी की हळूहळू, शेवट कसा, किती वेळ, हे चार शब्द डॉक्टरांना फार उपयोगी पडतात.

तपासण्या करा. कार्डिओग्राम, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि गरज असल्यास पोटॅशियम. कार्डिओग्रामचे जनक आइंटहोव्हन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शंभर वर्षे जुनी ही तपासणी आज साधी व स्वस्त आहे. ती फक्त काही सेकंदांचा ताल टिपते. त्रास वारंवार होत असेल तर चोवीस तास अंगावर बाळगायचे होल्टर यंत्र लावतात. झडपेची शंका असेल तर सोनोग्राफीसारखी टू-डी इको तपासणी करतात.

एकाएकी येणाऱ्या धडधडीसाठी एक सोपा उपाय आहे, पण तो निदान झाल्यावर डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावा. अर्धवट बसून, रिकाम्या सिरिंजचा दट्ट्या फुंकरीने हलवावा इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचे आणि लगेच आडवे होऊन दुसऱ्याने पाय १५ सेकंद वर उचलून धरायचे. २०१५ मध्ये इंग्लंडमधील चाचणीत या रीतीने ४३ टक्के रुग्णांचा ताल पूर्ववत झाला. नुसत्या फुंकण्याने तो १७ टक्क्यांतच झाला होता.

मिश्री व तंबाखू सोडा, चहा कमी करा, पाणी पुरेसे प्या, रक्तदाब व साखर ताब्यात ठेवा, रोज चाला. गरम वाफांचा त्रास असह्य असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. संप्रेरकांच्या गोळ्या काहींना उपयोगी पडतात, पण त्या हृदयविकार टाळण्याचे औषध नव्हेत आणि मनाने घेण्याच्या तर मुळीच नव्हेत. ताल नसलेली नाडी असेल तर रक्त साकळू न देणाऱ्या गोळ्या लागू शकतात. त्या बरे वाटते म्हणून बंद करू नयेत.

पुढील लक्षणांत एक क्षणही थांबू नये : धडधडीबरोबर चक्कर येऊन पडणे, छातीत, जबड्यात वा पाठीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरात कोणी तरुणपणी एकाएकी दगावले असेल तर तेही सांगावे.

आणि ध्यानाबद्दल. आनापानसतीने मन शांत होते, भीतीने वाढलेली नाडी उतरते, हा माझाही अनुभव आहे. पण ध्यान हे तपासणीच्या जागी नसावे. शरीराकडे आणि वेदनेकडे जसे आहे तसे पाहणे हाच स्मृतीचा अर्थ असेल, तर बाईचे दुखणे न पाहता तिला "मन शांत ठेव" म्हणणे हे त्याच्या नेमके उलट आहे.

समारोप

विनयपिटकात कथा आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून कोणी त्याची सेवा करीत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः त्याला आंघोळ घातली आणि जो रुग्णाची सेवा करील तो माझीच सेवा करील, अशा आशयाचा उपदेश केला. जिचे मूल होण्याचे वय संपले, तिचा आता "उपयोग" काय, असे आपण उघड म्हणत नाही, पण वागतो तसेच. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजण्याची कसोटी सांगितली. त्या कसोटीत पन्नाशीच्या बाईची नाडीही मोजली गेली पाहिजे.

माझी संस्थेला विनंती आहे की दर बुद्धपौर्णिमेला आपण वह्या वाटतो, तसाच एक दिवस चाळिशीपुढील भगिनींच्या हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि कार्डिओग्राम तपासणीसाठी ठेवावा. खर्च फार नाही. यादी करण्याचे काम मी आनंदाने करीन.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. घरातील तीन मोठ्या व्यक्तींची नाडी सकाळी उठल्यावर व जिना चढल्यावर मोजून लिहा.
२. कार्डिओग्राम चांगला असूनही तालाचा विकार कसा असू शकतो?
३. रजोनिवृत्ती, रक्तक्षय व थायरॉइड यांची समान लक्षणे कोणती?
४. आपल्या वस्तीतील किती स्त्रिया मिश्री वापरतात? त्यांना आपण काय सांगाल?
५. "वय आहे, चालायचेच" या उत्तरात कोणती कारणे शोधायची राहून जातात?

नमो बुद्धाय ! जय भीम !